आत्याचे चार टॉवेल

आत्या टॉवेल हाताने कधी तपासत नसे, गालाने तपासायची. ड्रायरमधून नुकताच काढलेला टॉवेल गालावर धरायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची, "टोचतो." माझ्या लाँड्रीत येऊन माझ्याच कामाला दुसऱ्या कोणी नावं ठेवली असती, तर त्याला मी पायरी उतरायला लावली असती. पण पायरी तिची होती. नवीन पनवेलमधला तो गाळा तिचा आणि मी भाडेकरू.

बाई मिठागरवाल्यांच्या घरातली. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, मोबदल्यात गाळे आले, पण बसून खाणं अंगाला लागेना, म्हणून रोज माझ्या काउंटरमागे येऊन बसायची. लहानपणी मिठात अनवाणी उभं राहून तिचे पाय कायमचे चिरलेले. "मऊ कपडा काय असतो ते आमाला विचार गो," म्हणायची. सगळी गल्ली तिला आत्या म्हणे. मीही म्हणू लागले. मी इस्त्रीचे कपडे घरोघर पोचवत इथवर आले होते. कोथिंबिरीच्या जुडीपासून ड्रायरपर्यंत कशाचाही पहिला भाव मान्य करायचा नाही, हा माझा नेम. आत्यापुढे मात्र माझी डाळ कधी शिजली नाही.

तेव्हा मी प्रत्येक घाण्याला ड्रायरमध्ये कपडे मऊ करणारा सुगंधी कागद टाकत असे. एकदा खारघरच्या पार्लरवालीने सगळे टॉवेल परत पाठवले. म्हणे, पाणीच टिपत नाहीत. मी फोनवर तिच्याशी भांडत असताना आत्याने पेल्यात बोट बुडवून एका टॉवेलवर थेंब सोडला. थेंब तसाच उभा राहिला.

"हा टावेल हाय का अळूचा पान?"

मी फोन ठेवला. त्या कागदाचा मेणचट थर धाग्यांवर चढला होता. दुसऱ्या दिवशी आत्या चायनीजच्या गाडीवरून पांढऱ्या व्हिनेगरची बाटली घेऊन आली. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी टाक म्हणाली.

"गिऱ्हाईक म्हणेल, लोणच्याचा वास येतो," मी आवाज चढवला.

"सुकल्यावर वास ऱ्हातो का? भांड तू. मी बसते."

वास राहिला नाही.

मग तिने नवऱ्याचा लोकरीचा स्वेटर उसवायला घेतला. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "पनवेलात थंडी पडते किती? कपाटात तो कोनाला ऊब देतो?" लोकरीचे घट्ट गोळे करून ते कपड्यांबरोबर ड्रायरमध्ये टाकायचे, म्हणजे ते कपड्यांवर आपटत राहतात आणि कपडे मोकळे होतात. पहिला गोळा आतच सुटला आणि पार्लरचे टॉवेल लोकरीत गुरफटले. मी कात्री घेऊन शिव्या देत बसले. आत्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. पुढचे गोळे तिने जुन्या मोज्यात बांधून उकळत्या पाण्यात घालून आटवले. ते अजून टिकून आहेत.

"भाकर तव्यावर इसरलीस तर काय व्हते?" हे तिचं आणखी एक. किंचित दमट असतानाच कपडा बाहेर काढ, झटक, घडी घाल. माझ्या दुकानाचं नाव झालं ते यावर, हे मी नाकारत नाही.

म्हणूनच गाळा विकत मागितला. ती म्हणाली, "तुलाच देईन. माजा सबूद हाय." घासाघीस न करता मान्य केलेली माझ्या आयुष्यातली ती एकच गोष्ट.

वर्षभरात तिने गाळा भाच्याच्या, सख्ख्या भावाच्या मुलाच्या, नावे केला. मी तिच्या दारात उभी राहून गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "तुमी सगली मला आत्या म्हनता. त्याची मी हाय."

मी यंत्रं उचलून खांदा कॉलनीत आणली. भाच्याने त्याच गाळ्यात लाँड्री काढली, सुगंधी कागदांसकट. महिन्याभरात एका रिक्षावाल्याने माझ्याकडे गाठोडं आणून टाकलं. आत्याचे चार टॉवेल. निरोप एवढाच, "त्याचे टोचतात."

परत पाठवणार होते. मग दुप्पट भाव सांगितला. भाजीवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालणारी ती बाई, पण तिने एका शब्दाने भाव केला नाही. दर आठवड्याला गाठोडं येत राहिलं. गाल तिने माझ्याच हवाली ठेवला होता, आणि गाळा त्याच्या. याचं मला काय करायचं होतं? मी टॉवेल धुतले, गोळे टाकले, दमट असताना काढले, आणि तिच्या घरी एकदाही गेले नाही.

यंदा ती गेली. शेवटचं गाठोडं माझ्याकडेच राहिलं. तेराव्यानंतर भाच्याचा फोन आला.

"ताई, आत्याचे टॉवेल आहेत का तुमच्याकडे?"

"नाहीत," मी म्हणाले.

ते माझ्या कपाटात आहेत. गाळा जाऊन हातात चार टॉवेल आले. इतका वाईट सौदा मी दुसरा केलेला नाही, आणि तो मोडायची माझी तयारी नाही.