भंडारदऱ्याचं पाकीट

पैसा माणसाला नाचवतो असं लोक म्हणतात. माझ्या मावशीच्या नवऱ्यापुढे मात्र पैसाच अंग चोरून उभा राहायचा. आम्ही त्यांना काका म्हणतो. शेवगावचे निवृत्त शाळामास्तर आणि तिथल्या चर्चचे जवळजवळ तहहयात खजिनदार. चर्चमध्ये दान टाकायला छोटी पाकिटं वाटतात. दान मोजून झालं की ती रिकामी पाकिटं काका घरी आणत आणि त्यांवर छापलेल्या बायबलमधल्या वचनाखाली मास्तरी अक्षरात लिहीत : किराणा, दूध, गॅस, दवाखाना, आहेर, पाहुणे. एक तारखेला पेन्शन आणायची, पाकिटांत वाटायची आणि ती पाकिटं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात उभी लावायची. डब्याचा कायदा एकच होता. या पाकिटातलं त्या पाकिटात जाणार नाही. पाकीट संपलं की ती वस्तू महिनाभरासाठी जगातून संपली.

एकदा मी पंचविशीच्या सुमारास त्यांच्याकडे गेलो, म्हणजे महिन्याच्या, तर चहा बिनसाखरेचा. मी तोंड वाकडं केलं. "पाहुण्यांच्या पाकिटात बिस्किटं हायेत, खा की," काका म्हणाले. "साखर किराण्यात येती, अन् किराणा संपला." माझ्या लग्नात ते हात हलवत आले आणि पोटभर जेवून गेले, कारण त्या महिन्याचा आहेर माझ्या आधी बोहल्यावर चढलेल्या कुणीतरी नेला होता. पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला एसटीने नगरला आले, दारातच माझ्या हातात नोट ठेवली आणि रिकामं पाकीट खिशात घालून आल्या पावली परतले. मोबाईलवरून पैसे द्यायचं मी त्यांना चारदा शिकवलं. "जो पैसा दिसत न्हाई, तो संपला हे कळणार कसं?" असं दर वेळी म्हणून ते मोबाईल परत माझ्या हातात ठेवायचे.

हे किस्से मी वर्षानुवर्षं तिखटमीठ लावून सांगत आलो. लोक हसायचे, मावशी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. आता मात्र सांगताना मी मध्येच थांबतो.

कारण त्या डब्यात सगळ्यात मागे आणखी एक पाकीट होतं. मावशीचे वडील भंडारदरा धरणावर नोकरीला होते. तिचं लहानपण त्या पाण्याच्या काठी गेलं. लग्न होऊन ती शेवगावच्या उन्हात आली ती आलीच. आईवडील गेले, तिकडे जायला कुणाचं घर उरलं नाही. "एकदा नुसतं पाणी बघून यायचंय," एवढंच ती म्हणायची. काकांनी गाडीभाडं, दोघांचं जेवण, एक मुक्काम असा अंदाज काढला आणि पाकिटावर 'भंडारदरा' लिहून दरमहा पन्नास रुपये टाकायला लागले. पाकीट भरत आलं की डिझेल वाढायचं, अंदाज नवा व्हायचा. मी म्हणालो, "काका, माझी गाडी आहे, उद्या निघू." ते म्हणाले, "तुझ्या गाडीनं गेलो तर तू नेलं. मी कुठं नेलं तिला?"

मग मावशीला दम लागायला लागला. नगरच्या डॉक्टरांनी एक तपासणी लगेच करायला सांगितली. तारीख अठरा, आणि दवाखान्याच्या पाकिटात चाळीस रुपये. मावशी म्हणाली, "भंडारदऱ्यातनं घ्या की. मी काय लगेच निघालीय व्हय?" काका म्हणाले, "न्हाई. ते तुझं हाय. एकदा हात लागला की तुझं जाणं व्हायचं न्हाई." पेन्शन आल्यावर, दोन तारखेला, त्यांनी तिला नेलं. आठवड्यात ती गेली. आधी आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. हे सगळं मला दफनाच्या दिवशी, काकांच्याच तोंडून कळलं. मला एक फोन केला असता तर मी तासाभरात निघालो असतो. पण दुसऱ्याकडे मागायचं पाकीट त्यांच्या डब्यात नव्हतंच. मला त्या माणसाचा राग आला. अजून येतो.

आठ महिन्यांनी ते माझ्या दारात उभे. हातात कापडी पिशवी. "पाकीट भरलं," म्हणाले. "तुझी गाडी काढ. डिझेल माझं." आठ महिने मनात घोळवलेली वाक्यं माझ्या ओठांवर आली होती. मी ती गिळली आणि किल्ली घेतली.

भंडारदऱ्याला ते काठावर जाऊन उभे राहिले. माझ्या अंगावर जावं तसं एकदाच म्हणाले, "खरंच लई पाणी हाय रे." टपरीवर आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. माझ्या ताटाचे पैसे त्यांनी मला द्यायला लावले, कारण त्यांच्या पाकिटात दोघंच होती, आणि त्यांत मी नव्हतो. मुक्काम करायला ते तयार झाले नाहीत.

परतताना अकोले गाव मागे पडल्यावर त्यांनी पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"हे तिच्या वाटचं उरलं," ते म्हणाले. मग डब्यासमोर कधीच न अडलेला तो माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "आता हे कशात टाकू, सांग."

गाडी सोडली तर जन्मभरात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट, आणि ती मला देता आली नाही.