बाबांना आवडलेली निराशा

नागपूरची सुलेखा डब्लिनला पीएच.डी. करत होती. विषय होता आजच्या फ्रेंच कादंबऱ्यांवरचा निराशावादी तत्त्वज्ञानाचा प्रभाव. जगणं म्हणजे मुळात दुःखच, असं मानणारा जुना विचार या कादंबऱ्यांत पानोपानी डोकावत असे. शेवटचं प्रकरण मात्र अडलं होतं. ‘इतकं काळंकुट्ट लोक वाचतात तरी का?’ या गाईडबाईंच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात तिचे बाबा, प्रकाशराव, डब्लिनजवळच्या समुद्रकाठच्या डून लेरी गावात तिच्याकडे राहायला आले. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. शेजाऱ्यांनी ‘कसे आहात?’ विचारलं की ते हसून तिथल्यासारखं ‘ग्रँड, ग्रँड’, म्हणजे ‘मजेत’, म्हणत आणि घरात येऊन खिडकीपाशी बसून राहत. त्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून सुलेखानं प्रबंधाची ती पुस्तकं स्वयंपाकघरात कणकेच्या डब्यामागे ठेवली.

पोळ्यांसाठी कणीक काढताना बाबांना ती सापडलीच.

“लपवून कायले ठेवली? वाचून दाखव.”

“नको बाबा, फार उदास आहेत.”

“मी का इथं नाचून राहिलो? वाच.”

तिनं एक कादंबरी उघडली आणि जमेल तसं मराठीत सांगू लागली. बायको गेलेला एक म्हातारा. दर आठवड्याला तिच्या आवडीचं दही आणतो, आंबलं की फेकतो, पुन्हा आणतो. कुणी त्याची समजूत काढत नाही, लेखकसुद्धा नाही.

सुलेखानं मान वर केली. बाबा रडत होते. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

“हा खरं बोलून राहिला,” ते म्हणाले. “बाकी सगळे म्हणतात, सावरा. कसं सावरू, ते कोणी सांगत नाही.”

मग ते आईबद्दल बोलायला लागले, ते थांबेचनात.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, “त्या दहीवाल्याचं पुढं काय झालं?”

आता रोज दुपारी दोघं बंदराच्या धक्क्यावरच्या बाकावर वाचत बसत. कधी बाबा भांडतही.

“जन्मच नको होता म्हणतो हा लेखक? हे नाही पटत. मग तुझी आई मला भेटली कशी असती?”

सुलेखा हसली, आणि तिचे डोळे भरून आले.

त्यानंतर ते प्रकरण भराभर लिहून झालं. या लेखकांनी निराशावादातून नुसती निराशा घेतली नाही, दुःखी माणसाशेजारी मुकाट बसण्याची माया घेतली, असं तिनं मांडलं. गाईडबाईंना ते पटलं. प्रबंध मंजूर झाला.

बाबा नागपूरला परतले आहेत. रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. सुलेखा तसलीच एखादी कादंबरी वाचते, आणि ते डोळे मिटून ऐकतात.