प्रभावी संभाषणाचे घटक

तोंडी परीक्षेत मी एका मुलीला प्रभावी संभाषणाचे घटक विचारले. चार तिने एका दमात म्हटले आणि पाचव्यापाशी ती गप्प झाली. मी परीक्षक, त्यामुळे मीही गप्प. आपल्याकडे संभाषणाची परीक्षा अशी शांततेत पार पडते.

ती बाहेर गेली. पुढचा मुलगा तेच घटक म्हणू लागला, एवढ्यात व्हरांड्यातून तिचा आवाज आला. ती फोनवर वडिलांशी बोलत होती.

"बाबा, पाहुण्यांना नको म्हणून कळवा. आधी माझं ऐका तरी! शेवटचं वर्ष पूर्ण कर, असं तुम्हीच म्हणाला होतात. आत्याला वाईट वाटेल? मग लग्न आत्याचं आहे का?"

आता तिचं वाक्य कुठेच अडत नव्हतं. आम्ही मुलांना बोलायला शिकवतो. त्यांना काय बोलायचं आहे, हे विचारायला मात्र अभ्यासक्रमात जागा नाही. मला खुर्चीत बसवेना.

"सर, पुढचा घटक सांगू?"

"थांब जरा."

बाहेर ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "बरं, येऊ देत. पण पोह्यांच्या बशा दादा आणेल. मी समोर बसून प्रश्न विचारणार."