काय आलं, एवढंच विचारणाऱ्या उज्ज्वलाताई

गार्गीचा फोन आला तेव्हा मी आयर्लंडमधल्या मेनूथ स्टेशनच्या फलाटावर सकाळच्या गाडीची वाट पाहत होते. गार्गी ही उज्ज्वलाताईंची मुलगी. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते ती इथल्या वळणाच्या इंग्रजीतच. ‘मृणालमावशी’ एवढं म्हणून ती थांबली, आणि त्या थांबण्यातच मला कळलं. पहाटे हॉस्पिटलात, झोपेत… ती शेजारीच बसली होती, असं तिनं सांगितलं. मी काय बोलले ते आता आठवत नाही. गाडी आली, दारं उघडली, सवयीनं मी चढले. क्लोन्सिला स्टेशन आलं तेव्हा लक्षात आलं की शेजारच्या जागेवर मी बॅग ठेवून ती धरून ठेवली आहे. उज्ज्वलाताई तिथं चढायच्या. आजारपणामुळे कित्येक आठवडे त्या गाडीला नव्हत्या, तरी त्या दिवशी हात आपोआप बॅगेकडे गेला होता. एका उंच माणसानं मान झुकवून विचारलं, इथं कुणी बसलंय का? मी बॅग उचलली.

त्या गोष्टीला आता दीड-दोन महिने झाले असतील. उज्ज्वला ताम्हाणे हे नाव आपल्याकडे कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. त्या मूळच्या मिरजेच्या, पुण्यात ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायच्या. नवऱ्याला इथल्या कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून गार्गीला घेऊन डब्लिनच्या पश्चिमेला ओंगारला आल्या आणि काही वर्षांनी आमच्या कॉलेजात लागल्या. मी त्याआधी औषधांच्या कारखान्यात होते, तिथून इथं प्रयोगशाळा शिकवायला आले. आमचं कॉलेज म्हणजे विद्यापीठ नव्हे. शाळा संपली पण पुढची वाट सापडली नाही अशी मुलं, पोरं मोठी झाल्यावर पुन्हा शिकायला निघालेल्या आया, दुसऱ्या देशांतून आलेली माणसं इथं वर्ष-दोन वर्षांचा कोर्स करतात. कुणी रुग्णसेवेचा, कुणी बालसंगोपनाचा, कुणी माझ्याकडे लॅबचा. कोर्स कुठलाही असो, नीट लिहिता-बोलता येणं, व्यवहारापुरतं गणित आणि चारचौघांबरोबर काम करणं हे सगळ्यांनाच शिकावं लागतं. वर्षअखेरीला कॉलेजला दाखवावं लागतं की हे विद्यार्थ्यांना खरोखर आलं. उज्ज्वलाताई त्यातलं गणित शिकवायच्या.

आम्ही दोघीच मराठी. दुपारी माझ्या लॅबमागच्या छोट्या खोलीत डबा खायचो आणि तेवढा अर्धा तास मराठीत बोलायचो. त्यांच्या घरात तेव्हा मराठी उरली नव्हती. सासरे आजारी पडले म्हणून नवरा पुण्याला गेला आणि ते गेल्यावरही तिथंच राहिला. भांडण नाही, घटस्फोट नाही. रविवारी फोन यायचा, हवापाण्याच्या चौकश्या व्हायच्या. मी एकदा विचारलं, तुम्ही का जात नाही? त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या की त्यांना आता माझ्याशिवाय जमतंय गं, आणि हे त्यांना माहीत झालंय. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. गार्गी तोवर नोकरीसाठी टोरंटोला गेली होती.

एके दिवशी डबा खाताना मी सहज बोलून गेले की माझ्या वर्गाला साधं द्रावण पातळ करता येत नाही, टक्केवारी म्हटली की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. उज्ज्वलाताई खाता खाता थांबल्या. ही माणसं गेल्या सहामाहीत त्यांच्याकडे टक्केवारी शिकून पास झाली होती, बहुतेक चांगल्या मार्कांनी. त्यांनी विचारलं, उद्या मी तुझ्या तासाला येऊन मागे बसले तर चालेल का?

त्या आल्या. टेबलं पुसायला ब्लीच पातळ करायचं होतं, एवढंच काम. बर्नी नावाची एक बाई होती, पन्नाशीची, सुपरमार्केटात वर्षानुवर्षं गल्ल्यावर बसलेली. ती मोजपात्र हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिली आणि शेवटी अंदाजानं ओतायला लागली. उज्ज्वलाताई उठून तिच्याजवळ गेल्या. त्यांनी हळूच विचारलं, बर्नी, हे तुला माझ्या वर्गात येत होतं ना? बर्नीला उत्तर द्यायला जड गेलं नाही. ती म्हणाली, “येत होतं की. पण ते गणित होतं. हे ब्लीच आहे.”

सगळे हसले, बर्नीही हसली. उज्ज्वलाताई हसल्या नाहीत. तास संपल्यावर मोजपात्रं धुताना त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “मी शिकवलं, त्यांनी लिहिलं, मी मार्क दिले. यात त्यांना आलं कधी?”

योगायोग असा की त्याच वर्षी बाहेरची समिती कॉलेजची तपासणी करायला येणार होती. आमच्या उपप्राचार्या नोरा यांनी उज्ज्वलाताईंना सगळ्या कोर्सांचे निकाल एकत्र करून अहवाल लिहायला सांगितलं. आकड्यांचं काम आहे, तुमच्यासाठी सोपं, असं त्या म्हणाल्या. निकाल छानच होते, दर वर्षी जवळपास सगळे पास. पण ताईंनी नुसती बेरीज केली नाही. वेगवेगळ्या कोर्सांमधलं विद्यार्थ्यांचं काम मागवलं, नावं झाकली आणि प्रत्येक काम अशा दोन शिक्षकांना वाचायला दिलं, ज्यांनी त्या विद्यार्थ्याला कधी शिकवलं नव्हतं. प्रश्न एकच: हे वाचून या माणसाला ही गोष्ट येते असं तुम्ही म्हणाल का? एक म्हणायचा येते, दुसरा म्हणायचा अजिबात नाही. शिक्षकानं दिलेल्या नमुन्यातलीच वाक्यं पुष्कळांनी थोडी फिरवून लिहिली होती. आणि गणितात त्यांनी माझ्या लॅबमध्ये येऊन स्वतःच्याच जुन्या विद्यार्थ्यांना पुन्हा तपासलं, कागदावर नाही, हातात मोजपात्र देऊन.

ज्या बैठकीत हे मांडलं गेलं तिला मी होते. उज्ज्वलाताईंनी सर्वांत आधी स्वतःच्या वर्गाचा निकाल पडद्यावर लावला. तोच सर्वांत वाईट होता. त्या शांतपणे म्हणाल्या की हा माझा वर्ग, हे सगळे मी पास केलेले आहेत, आणि यातल्या बहुतेकांना ते येत नाही. मग बाकीचे कोर्स. खोलीतली हवा बदलत गेली ती मला आजही जाणवते. डेक्लन म्हणून आमचा एक सहकारी आहे, लेखन आणि संवाद शिकवतो, मनानं अतिशय चांगला. तो म्हणाला की हे समितीनं वाचलं तर कोर्स बंद पडतील, आणि ज्यांना दुसरीकडे कुठंच दार उघडं नाही त्यांचं काय? तोही खोटं बोलत नव्हता. नोरांनी सुचवलं, पास झालेल्यांचा आकडा तेवढा अहवालात देऊ, बाकीचं आपल्यापुरतं ठेवू. ताईंनी नकार दिला. “मग माझं नाव काढा त्यावरचं,” एवढंच त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. नोरांनी आठवडाभर विचार केला, आणि त्यांच्या बाजूनं हे सांगायलाच हवं की शेवटी त्यांनी अहवाल आहे तसा पाठवला.

त्यानंतरचे महिने कठीण गेले. इथली माणसं तोंडावर भांडत नाहीत. कसं काय विचारलं की ग्रँड, म्हणजे मस्त, म्हणतात, दार धरून ठेवतात, हवेबद्दल बोलतात. फक्त स्टाफरूममध्ये चहाची किटली फिरली की ती उज्ज्वलाताईंच्या अलीकडे संपायची. त्या बसल्या की त्या टेबलावरच्या लोकांना कामं आठवायची. शुक्रवारी संध्याकाळी सगळे पबात जायचे, त्याचं निमंत्रण आधी त्यांना असायचं, मग नुसतंच कुणी काही म्हणेनासं झालं. मी त्यांच्याबरोबर बसायचे, पण माझ्या एकटीनं टेबल भरत नव्हतं हे आम्हां दोघींना दिसत होतं. एकदा मी चिडून म्हटलं, ताई, कशाला पडलात यात? त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानंच पाहिलं. म्हणाल्या, “अगं, बर्नीला उद्या कुठल्या तरी लॅबमध्ये नोकरी लागेल. तिथं तिला कोण सांगणार आहे, की हे गणितच आहे?”

घरी तर त्या एकट्याच होत्या. हिवाळ्यात ओंगारच्या त्या सारख्या दिसणाऱ्या घरांच्या रांगेत चार वाजताच अंधार पडतो. त्या घरी पोहोचल्या की आधी सगळ्या खोल्यांमधले दिवे लावायच्या, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. सांगताना तक्रारीचा सूर नव्हता. वीज वाया जाते याचंच त्यांना वाईट वाटायचं.

समिती आली, दोन दिवस राहिली, गेली. एकही कोर्स बंद पडला नाही. अहवाल प्रामाणिक आहे आणि आता पुढं काय करणार ते कळवा, असं त्यांनी लिहिलं. कौतुक म्हणावं तर तेवढंच. पण पुढच्या वर्षी आम्ही गणिताचे निम्मे तास लॅबमध्ये घ्यायला लागलो. ताई फळ्यापाशी न थांबता टेबलाटेबलांमधून फिरायच्या. उदाहरण सुटलं तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही, त्या विचारायच्या, आता हेच दुधाचं असतं तर? रंगाचं असतं तर? बर्नी पुन्हा त्याच तासांना येऊन बसली, तिला गरज नसताना, पास असताना. आज ती एका डेअरीच्या प्रयोगशाळेत आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ताई परत आल्या त्या बारीक होऊन. आधी पित्त म्हणाल्या, मग तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि तो कळायला उशीर झाला होता. नवरा येऊन पंधरवडाभर राहिला आणि गेला. तो येईल तेव्हा वाईट दिसू नये म्हणून त्यांनी केस रंगवून घेतले होते. मला ते बघवलं नाही. मग गार्गी रजा घेऊन आली.

शेवटची भेट हॉस्पिटलात झाली. लॅबमध्ये शिकलेल्या त्या वर्गाची आम्ही काही महिन्यांनी पुन्हा तपासणी केली होती, तिचा निकाल नुकताच हाती आला होता. पुष्कळ फरक पडला होता, आणि मला तेवढंच त्यांना सांगायचं होतं. मी म्हटलं, ताई, यंदा फार छान आलं सगळ्यांना. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, “कुणाला नाही आलं?” मी सांगितलं, तिघा-चौघांना अजून जमत नाही, त्यांची नावंही सांगितली. त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी सैलावलं. म्हणाल्या, “मग ठीक आहे. म्हणजे नीट तपासलंत तुम्ही.” थोड्या वेळानं त्या तिघा-चौघांपैकी एका मुलाला चष्मा लागला असेल, बघून घे, असंही म्हणाल्या… त्याला खरंच लागला होता.

अंत्यसंस्काराला सगळं कॉलेज आलं. इथल्या रीतीप्रमाणे लोक रांगेनं येऊन गार्गीचा आणि तिच्या वडिलांचा हात हातात घेत होते. स्टाफरूममधलं अख्खं टेबल त्या रांगेत होतं. डेक्लन माझ्यापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला की ती मला आवडत नव्हती, पण आता मुलांचं काम तपासताना मी दुसऱ्या कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहत नाही. मी मान डोलावली. मला त्याचा राग आला नाही आणि आनंदही झाला नाही. हे त्यानं शुक्रवारी संध्याकाळी पबात ताईंसमोर म्हणायला हवं होतं, एवढंच वाटलं.

आता दुपारी मी स्टाफरूममध्येच डबा खाते. लॅबमागच्या खोलीत बसून पाहिलं, जमलं नाही. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत मराठीचा एक शब्द तोंडून निघत नाही, आणि हे मला आधी कधी जाणवलंच नव्हतं, कारण मध्ये तो अर्धा तास असायचा.

मागच्या शनिवारी ओंगारला गेले होते. घर भाड्याचं, रिकामं करून द्यायचं होतं. गार्गीचे वडील पुण्याला परतले होते, ती एकटीच आवरत होती. स्वयंपाकघरातलं बरंचसं बांधून झालं होतं. प्रेस म्हणतात इथं कपाटाला, ती सगळी उघडी आणि मोकळी. मला चहा देताना, खोक्यांवर नावं घालताना गार्गी नेहमीसारखी इंग्रजीतच बोलत होती. टोरंटोची थंडी, विमानात किती वजन चालतं, असलं काहीबाही. मग ती वरच्या खोलीत आईची पुस्तकं बांधायला गेली. ती वाचनालयाला द्यायची होती आणि किती आहेत ते त्यांना आधी कळवायचं होतं. थोड्या वेळानं मी दोरी द्यायला वर गेले. दार अर्धवट उघडं होतं. गार्गी जमिनीवर मांडी घालून पाठमोरी बसली होती, एकेक पुस्तक खोक्यात ठेवत होती आणि तोंडानं मराठीत मोजत होती. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस… ‘ठ’ जरा मऊ पडत होता. मग ती अडखळली, हातातलं पुस्तक तसंच धरून थांबली, आणि म्हणाली, एकोणतीस. मग तीस, एकतीस, सरळ पुढं.

मी दाराबाहेरच थांबले. तिचं मोजून होईपर्यंत आत गेले नाही.