तपासणीपुरते संगणक

सरकारी अनुदान मंजूर झालं की सगळ्यात आधी फलक येतो. आमच्या विद्यापीठ केंद्रातही तसंच झालं. 'तंत्रज्ञान प्रशिक्षण कार्यक्रम, राज्य शासनाच्या अर्थसाहाय्याने' असा निळा फलक भिंतीवर चढला. खोलीत फरशी बसली, एसी बसला, दाराला कुलूप बसलं. संगणक तेवढे कुणी पाहिले नाहीत. सर फळ्यावर कीबोर्ड काढायचे आणि आम्ही तो वहीत उतरवायचो. विचारलं की उत्तर ठरलेलं: "मशिनं आलीत, इन्स्टॉलेशन बाकी आहे." वर्षभर बाकीच होतं.

मी तेव्हा विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचे. 'जनतेचा पैसा कुणाच्या घशात?' हे वाक्य माझ्या जवळपास प्रत्येक पत्रकात असायचं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

वसतिगृहात माझ्या खोलीत पेठकडच्या आदिवासी पाड्यावरची एक मुलगी होती, माझ्याच वर्गातली. दिवाळी झाली की तिच्या घरचे सगळे द्राक्षबागांवर मजुरीला जायचे. यंदा तीही जाणार होती, सातपूरच्या कारखान्यांमधलं काम मिळालं नाही तर. तिथल्या एका वर्कशॉपच्या मालकाने तिची कागदावरची ड्रॉइंगं पाहिली होती. भोकं पाडलेली एक लोखंडी चकती समोर ठेवून तो म्हणाला होता, "हे कॅडवर काढून दाखव आणि कामाला ये." कॅड म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढणं, आणि त्याच्या सगळ्या कमांड तिला पाठ होत्या. पण माऊसला तिचा हात कधी लागला नव्हता. खासगी क्लासची फी तिच्या आवाक्याबाहेरची होती.

दिवाळी तोंडावर असताना तपासणी समिती येणार असल्याची खबर आली, आणि त्या सकाळी खोली उघडी! आत संगणकांच्या रांगा. चपला बाहेर काढून आम्ही बसलो. सर म्हणाले, "साहेब आले की बोटं कीबोर्डवर ठेवा. दाबायचं काही नाही."

माझ्यासमोरच्या संगणकाच्या डब्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती.

"सर, नवीन आहेत ना ही मशिनं?"

"कालच खोकी उघडली."

"मग हे कुंकू?"

"नव्या वस्तूची पूजा करत नाहीत का तुमच्याकडे?"

उत्तर तयार होतं. माणूस खोटं बोलायला सरावलेला असला की आधी उत्तर शिवून ठेवतो. पण कीबोर्डच्या फटीत झेंडूची पाकळी अडकली होती, पार करपलेली. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा आहे. कालचा झेंडू आणि दसऱ्याचा झेंडू मला झोपेतही वेगळा ओळखू येतो.

"सर, ही दसऱ्याची पाकळी आहे. खंडेनवमीला या मशिनांची पूजा नक्की कुठे झाली?"

"तुम्ही फुलं विका मॅडम, संगणकांचं आम्ही बघू."

पोरं हसली. तेवढ्यात समिती आली, मान हलवत एक फेरी मारली आणि जेवायला गेली. सर त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. त्यांची पाठ वळते न वळते तोच मागच्या दाराला टेम्पो लागला. दोन माणसं आत शिरली आणि पलीकडच्या रांगेतल्या वायरी उपसायला लागली.

चोर रंगेहाथ सापडले होते! मी शेजारी बसलेल्या माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचा खांदा हलवला. "ऊठ, घेराव घालू. तू साक्षीदार."

तिने वरही पाहिलं नाही. पडद्यावर एक वर्तुळ होतं, त्याच्या आत दुसरं. माऊस तिच्या हातून निसटत होता आणि ती तो परत परत जागेवर आणत होती.

"अगं ऊठ ना!"

"नाय उठायची."

"चोर आहेत गं हे!"

"हायत ना? मग जा, धर त्यांना. माझ्याकडं येऊ देऊ नको."

मी आमच्या रांगेच्या तोंडाशी आडवी उभी राहिले. "गेटपास दाखवा. सरकारी जागेतून गेटपासशिवाय खिळासुद्धा बाहेर जात नाही."

"ताई, आम्ही हमाल. आम्हाला काय इचारता?"

"मग ज्याला विचारायचं त्याला बोलवा."

सर धापा टाकत आले. अनुदान, आदिवासी भाग, माहितीचा हक्क, होतं नव्हतं ते सगळं मी त्यांच्या अंगावर ओतलं. सर लाल झाले आणि ओरडले, "अहो, क्लासवाल्यांनी एका दिवसासाठी दिलीत! दुपारी त्यांची बॅच आहे! सोडा त्यांना!"

याच वाक्यासाठी मी वर्षभर पत्रकं छापत होते. पोरं हसायची थांबली. आता घोषणा द्यायची, सगळ्यांना घेऊन समितीच्या जेवणाच्या पंगतीत घुसायचं, हे मला पाठ होतं. पण मी हलले की हमाल पुढे सरकणार होते.

मी मागे वळून पाहिलं.

"दोन भोकं राहिलीत," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

मी सरांकडे वळले. "क्लासवाल्यांनी दिलीत होय? बरं. मग सर, जरा पहिल्यापासून, सविस्तर सांगा."