चीवर तिकडं सोडवणार कोण?

सप्टेंबर सरत आला तरी कामठीची सकाळ घामानं चिकट. वारा नावालाही नव्हता. प्रेमिलाबाई चीवरांवर इस्त्री फिरवत होत्या. चीवर म्हणजे भिक्खूंचं वस्त्र, धानशेतातल्या चौकोनी बांध्यांसारखे तुकडे जोडून शिवलेलं. घरचा यंत्रमाग बंद पडल्यावर त्यांनी ही शिलाई धरली. आजवर गिऱ्हाईक नागपूरच्याच विहारांचं. या खेपेला मात्र कामठीच्याच रोशनीनं इंग्लंडहून तिथल्या विहारासाठी चीवरं मागवली होती. भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, वर्षावास, संपला की चीवरदान, तेही वर्षातून एकदाच. चीवरांची पेटी वाटेत अडकली तर तिथले उपासक रिकाम्या हातानं उभे राहणार, आणि प्रेमिलाबाईंचं नाव पहिल्याच खेपेला जाणार.

दुपारी त्या पेटी घेऊन नागपूरला सदर भागातल्या केयूरच्या ऑफिसात आल्या. परदेशी माल पाठवणं हे त्याचं काम.

"मावशी, इम्पोर्टर कोण लिहू?"

"पेटीवर लिहिलं ना. तिथल्या विहाराचे भंतेजी."

"ते घेणारे. मी कायद्यातला इम्पोर्टर विचारून राहिलो. तिथल्या कस्टमले जबाब कोण देईन? ड्यूटी लागली तं कोण भरीन?"

"भंतेजी पैशाले हात लावत नाहीत गा."

"मंग कस्टमवाल्याले आशीर्वाद देतीन का?"

प्रेमिलाबाई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. दानावर नाव नेहमी भंतेजींचंच टाकायचं. त्यात काही विचारायचं असतं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"तूच काहून नाही होत इम्पोर्टर? नेऊन तं तूच राहिला."

"मी फक्त नेणारा. मालाचा जाब माह्यावर नाही."

"आन् कोणीच नसन तं?"

"पेटी तिथल्या गोदामात पडून राहते. नाही तं वापस."

प्रेमिलाबाईंनी तिथूनच फोन लावला. "रोशनी, तिकडं माल सोडवणार कोण वं?"

"काहून? भंतेजीचं नाव हाये ना!"

"त्याहिले कस्टमवाल्यानं पैसे मागतले तं?"

"अवं माय! थांब, विहाराचा ट्रस्ट हाये. सेक्रेटरीले विचारून सांगतो."

"नुसता होकार नको," केयूर फोनकडे वाकून म्हणाला. "इम्पोर्टर आम्ही, असं ट्रस्टकडून लेखी पाहिजे. त्याहिचा कस्टमचा नंबर पण. त्याच्याआधी पेटी हलणार नाही."

वाट पाहताना प्रेमिलाबाईंना नवाच प्रश्न पडला. "कागदावर काय लिहिशीन? पूजेचं सामान?"

"शिवलेला सुती कपडा. जे हाये तेच. तिथं उत्तर ट्रस्टले द्या लागन."

चहा झाला, दुसरा झाला, तेव्हा ट्रस्टचा मेल आला, नंबरासकट. केयूरनं इम्पोर्टर म्हणून ट्रस्टचं नाव भरलं.

"भंतेजीचं नाव पुसतं का?"

"राहू द्या. घेणारे तेच हायेत. फक्त जाब त्याहिच्यावर नको."

पेटीवर चिकटपट्टी बसली. शेअर ऑटोनं प्रेमिलाबाई घरी आल्या तेव्हा गल्लीतल्या नळाला पाणी आलं होतं. पदर खोचून त्यांनी पाण्याचा पितळी गुंड नळाखाली लावला.