देवभातातलं हरवलेलं जनुक

रोह्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी नम्रता चाळिशीत पीएचडीला बसली, तेव्हा रोह्याजवळच्या वरसे गावातल्या तिच्या शेजारणींना वाटलं, हिला आता कशाला हा व्याप? नवरा सुशील कंपनीत शिफ्टला जायचा. तो घरी असला की स्वयंपाक त्याच्याकडे आणि नम्रता लॅपटॉपसमोर.

विषय देवभाताचा. तळ्याच्या कडेला आपोआप उगवणारं हे रानटी भात. वनस्पतीत काही जनुकांचं कामच मुळी दुसऱ्या जनुकांना गप्प बसवण्याचं असतं. विषाणू घुसला तर त्यालाही तीच आवरतात. त्यांची तीन घराणी. एक बारीक तुकडे पाडणारं, दुसरं ते तुकडे घेऊन सावज हेरणारं, तिसरं त्या तुकड्यांसाठी कच्चा माल पुरवणारं. देवभातात या घराण्यांतलं कोण कोण नांदतंय, ते नम्रता शोधत होती. लागवडीच्या भातातली जनुकं समोर ठेवायची आणि तशीच देवभाताच्या जनुकसंचात, म्हणजे त्याच्या सगळ्या जनुकांच्या संगणकावरच्या नोंदीत, धुंडाळायची.

एका दुपारी तिच्या लक्षात आलं, तुकडे पाडणाऱ्या घराण्यातलं एक जनुक देवभातात नाहीच. पुन्हा शोधलं. नाहीच. तिनं पेणला आपल्या मार्गदर्शक वत्सला मॅडमना फोन लावला.

"अगं, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही!" मॅडम हरखून म्हणाल्या. "परिषदेत हेच मांडू. लिहायला घे."

नम्रतानं निबंध पाठवलाही, पण मनाला चैन पडेना. संगणकातला जनुकसंच दुसऱ्याच कुणीतरी वाचलेला होता. वाचताना मधला एखादा भाग सुटला असला तर?

रविवारी ती माहेरी, गडबला गेली. वडील विठू तिच्याबरोबर तळ्यावर आले. नम्रता देवभाताची कोवळी पानं खुडून बर्फाच्या डब्यात ठेवू लागली.

"आमी ह्याला शेतातनं उपटून टाकतो, नि तू बर्फात ठेवतेस गो?" म्हातारा हसला.

"त्याच्यात एक गोष्ट नाय म्हणून लिहिलंय, बाबा. खरंच नाय का, ते बघायचंय."

"नि निघाली तर?"

"तर लिहिलेलं खोडायचं."

विठूंनी धोतर वर खोचलं. चिखलात उतरून त्यांनी पलीकडच्या काठावरचीही पानं आणून दिली.

पेणच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली. जनुक होतं, चांगलं ठसठशीत. मॅडम खुर्चीत बसून बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

"आता परिषदेला कळवावं लागेल," नम्रता म्हणाली.

"मीच कळवते. घाई मी केली."

परिषदेतला निबंध मागे घेतला. महिनाभर नम्रताला त्या फायलीकडे बघवेना. मग तिनं तिन्ही घराण्यांची मांडणी नव्यानं केली, सापडलेलं जनुक त्याच्या जागी बसवलं आणि जनुकसंचात तेवढा भाग वाचायचा राहिल्यानं ते दिसलं नव्हतं, हेही लिहिलं. एका साध्या नियतकालिकानं तो लेख छापला. पुढच्या वर्षी पीएचडीच्या खुल्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं त्या चुकीबद्दलच विचारलं. नम्रता न अडखळता बोलत राहिली, आणि मागच्या रांगेत शिफ्ट बदलून आलेला सुशील, फारसं काही न कळताही, मान डोलावत होता.